दाराला कुलूप नसलेलं घर: आल्प्सच्या बर्फातला एक मुक्काम

स्वित्झर्लंड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्फात शिफॉनची साडी नेसून नाचणारी नायिका, चॉकलेट आणि ‘दहा दिवसांत पाच देश’ असं पॅकेज. टूरवाले आपल्याला युंगफ्राऊयोखला नेतात. तिथे ट्रेन थेट साडेतीन हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडते, वर भारतीय जेवणही मिळतं. तासभर बर्फात फोटो काढायचे आणि खाली यायचं. त्यात वाईट काही नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर मीही तेच सुचवेन.

पण याच देशात एक जागा अशी आहे, जिथे हिवाळ्यात ना ट्रेन जाते, ना केबल कार, ना बस. तिथे पोहोचायचं तर शेवटचे सहा किलोमीटर बर्फातून स्वतःच्या पायांनी चढावे लागतात. वर एक भलंमोठं दगडी घर आहे आणि त्याचं दार जवळजवळ हजार वर्षं वाटसरूंसाठी उघडं आहे. त्याचं नाव ग्रेट सेंट बर्नार्ड हॉस्पिस. हो, ते गुबगुबीत, गळ्यात पिंप अडकवलेले सेंट बर्नार्ड कुत्रे इथलेच. पण कुत्र्यांबद्दल पुढे बोलू, कारण त्यांच्याबाबत तुमचा थोडा हिरमोड होणार आहे.

मरणाच्या वाटेवरची धर्मशाळा

हॉस्पिस हा शब्द आज आपण शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांच्या केंद्रासाठी वापरतो. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध मात्र पाहुण्याशी आहे. आपल्या भाषेत म्हणायचं तर धर्मशाळा.

ही धर्मशाळा स्वित्झर्लंडचा वाले प्रांत आणि इटलीचं आओस्ता खोरं यांच्यामधल्या खिंडीत, साधारण २,४७० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटरहून जास्त उंच. रस्ता फार जुना. रोमन लोकांनी इथे ज्युपिटर देवाचं मंदिर बांधलं होतं. सुखरूप पार झालेले प्रवासी तिथे नवस फेडायला धातूच्या छोट्या पाट्या वाहत. त्यातल्या अनेक पाट्या उत्खननात सापडल्या आहेत. नवस बोलण्याइतकी ही वाट धोक्याची होती, एवढं त्यावरून कळतं.

पुढे उत्तर युरोपातून रोमला जाणारे यात्रेकरू याच खिंडीतून जाऊ लागले. दहाव्या शतकात त्यांना दोन भीती होत्या: बर्फ आणि लुटारू. इसवी सन ९७२ मध्ये क्लूनी मठाचे प्रमुख मायोल यांनाच खंडणीसाठी पकडण्यात आलं होतं. इतक्या मोठ्या माणसाची ही गत, तर साध्या यात्रेकरूंचं काय होत असेल!

अशा वेळी, साधारण १०५० च्या सुमारास, आओस्ताच्या चर्चमधले अधिकारी बर्नार्ड यांनी खिंडीच्या अगदी माथ्यावर हे घर उभारलं. खाली सुरक्षित गावात नाही, तर जिथे माणसं मरत होती तिथेच. तेव्हापासून ऑगस्टिनियन परंपरेतले धर्मगुरू इथे बारा महिने राहतात. आज ते मोजकेच उरले आहेत आणि मदतीला इतर कार्यकर्ते असतात. १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे संरक्षक संत म्हणून जाहीर केलं. हे पोप स्वतः कसलेले गिर्यारोहक होते, त्यामुळे त्या निवडीमागे अनुभव होता असं म्हणायला हरकत नाही.

उन्हाळ्यात का नको?

तुम्ही म्हणाल, मग उन्हाळ्यात गाडीनं का नाही जायचं? जा की. साधारण जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खिंडीतला रस्ता उघडा असतो. गाड्या येतात, मोटारसायकलवाले येतात, स्मरणवस्तूंची दुकानं उघडतात, समोरचं हॉटेलही चालू असतं. जागा तेव्हाही सुंदर असते, पण खरं सांगायचं तर इतर पर्यटनस्थळांसारखीच वाटते.

१९६४ मध्ये खिंडीखालून सुमारे ५.८ किलोमीटरचा बोगदा झाला आणि वरचा रस्ता मागे पडला. अटल बोगदा झाल्यावर रोहतांगचं जे झालं, तेच. ट्रक आता काही मिनिटांत इटलीत पोहोचतात. व्यापार, टपाल, सैन्य यापैकी कुणालाच वरच्या खिंडीची गरज उरली नाही. मग हे घर बंद व्हायला हवं होतं, नाही का? पण ते झालं नाही.

बर्फ पडला, रस्ता बंद झाला, हॉटेलला टाळं लागलं की वर फक्त हॉस्पिस उरतं. आणि मग त्याचं काम पुन्हा तेच होतं, जे पहिल्या दिवशी होतं: बर्फातून चालत आलेल्या माणसाला आत घेणं. म्हणूनच मी म्हणते, हे घर हिवाळ्यातच पाहावं.

वर जाताना

रेल्वेनं मार्टिनी गावापर्यंत या. तिथून छोटी गाडी ओर्सिएरला जाते आणि पुढे रस्त्यानं बूर्ग-सें-पिएर हे दगडी घरांचं गाव लागतं. त्याच्याही पुढे बोगद्याच्या तोंडाशी, साधारण १,९०० मीटरवर, बूर्ग-सें-बर्नार नावाची जागा आहे. हिवाळी वाट इथून सुरू होते. हिवाळ्यातल्या बसच्या वेळा आधीच पाहून ठेवा, त्या भागात दर दहा मिनिटांनी बस नसते.

इथून वर साडेपाचशे मीटरची चढण. सरावलेले लोक स्कीच्या तळाला चढणीची पट्टी लावून दोन-अडीच तासांत पोहोचतात. आपल्यासारख्यांसाठी स्नोशूज बरे. हे रुंद, जाळीसारखे तळवे बुटांना बांधले की पाय बर्फात रुतत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत तुम्ही बदकासारखे चालाल, मग जमतं. पण पहिल्यांदाच चालत असाल तर चार तास हाताशी ठेवा आणि सकाळीच निघा.

सुरुवातीची वाट मोकळी आहे. मागे बोगद्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज येत राहतो. मग एका वळणानंतर तो बंद होतो. इतका पूर्ण बंद होतो की स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येतो. शहरात राहणाऱ्या आपल्याला हे जरा घाबरवणारं वाटू शकतं.

शेवटचा टप्पा एका अरुंद घळीतून जातो. तिचं फ्रेंच नाव ‘कोंब दे मोर’, म्हणजे मेलेल्यांची घळ. नाव पर्यटकांना आकर्षित करण्यासाठी ठेवलेलं नाही. दोन्ही बाजूंचे उतार तीव्र आहेत आणि त्यांच्यावरून बर्फाचे कडे खाली येतात. शेकडो वर्षं माणसं इथेच, मुक्काम अगदी जवळ असताना गेली.

बर्फ विचारून येत नाही

हा भाग जरा नीट वाचा, विशेषतः घरातल्या उत्साही मंडळींनी.

हिमस्खलन म्हणजे वरून गडगडत येणारा बर्फाचा गोळा, अशी आपली सिनेमातली कल्पना असते. प्रत्यक्षात हिवाळाभर बर्फ थरांमध्ये साठतो. त्यात एखादा थर कच्चा राहतो. वाऱ्यानं वरती नवा, जड थर आणून टाकला की कच्च्या थराला वजन पेलत नाही. ३० अंशांहून तीव्र उतारावर मग एका माणसाच्या वजनानंही अख्खी लादी सुटू शकते. बरेचदा ती लादी अडकलेल्या माणसानं किंवा त्याच्या सोबत्यानंच सुटी केलेली असते.

दावोसमधली स्वित्झर्लंडची हिम-संशोधन संस्था हिवाळ्यात रोजचा धोका जाहीर करते. त्याच्या पाच पातळ्या आहेत. आपण परीक्षेच्या मार्कांची सवय असलेले लोक, पाचपैकी तीन म्हणजे मधलं, चालेल, असं वाटतं. पण तसं नाही. तिसऱ्या पातळीचा अर्थच ‘लक्षणीय धोका’ असा आहे आणि सर्वात जास्त मृत्यू याच पातळीच्या दिवशी होतात. चौथ्या-पाचव्या पातळीला शहाणी माणसं घराबाहेरच पडत नाहीत. तिसरीला बाहेर पडतात, कारण आकाश निळं असतं आणि सुट्टी संपत आलेली असते.

म्हणून काही गोष्टींवर तडजोड नको. स्थानिक, प्रशिक्षित गाईड घ्या. प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारं यंत्र, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब सळई हवी आणि ती वापरता यायला हवी. बर्फाखाली सापडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता खूप असते. त्यानंतर ती झपाट्यानं घटते. हेलिकॉप्टर येईपर्यंतचा वेळ सोबत्यांच्याच हातात असतो. विमा काढताना पर्वतीय बचावकार्य त्यात आहे का हे वाचा. नेहमीच्या प्रवास विम्यात बर्फातले खेळ अनेकदा वगळलेले असतात.

आणि निघण्यापूर्वी हॉस्पिसला फोन करा. वर राहणाऱ्यांना आज घळीत काय चाललंय ते माहीत असतं. ‘आज येऊ नका’ असं उत्तर आलं, तर ती बुकिंगमधली अडचण समजू नका. पाहुण्याचा जीव वाचवणं हेच त्या घराचं काम आहे आणि हा त्याचाच भाग आहे. व्हिसा, विमान, रजा सगळं जुळवून आपण हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेलो असतो, त्यामुळे परत फिरणं आपल्याला स्थानिक माणसापेक्षा जड जातं. तेव्हा बेत आखतानाच एक-दोन दिवस जादा ठेवा. मुलं लहान असतील, कुणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर उन्हाळ्यातली भेटच चांगली.

आत

घळ संपते आणि एकदम समोर ते घर उभं राहतं. करडं, उंच, कसलीही नक्षी नसलेलं. शेजारचं तळं बर्फाखाली गुडूप झालेलं असतं. बाहेर पारा उणे २० पर्यंत उतरू शकतो आणि वारा असेल तर आणखी बोचतो.

दाराला कुलूप नाही, असं इथली माणसं अभिमानानं सांगतात. ढकला आणि आत या. आलेल्या प्रत्येकाला गरम चहा द्यायची इथली रीत आहे. तुम्ही राहणार आहात की तासाभरात परत जाणार आहात, ख्रिस्ती आहात की नाही, याची चौकशी त्याआधी होत नाही. तो चहा आपल्यासारखा आलं-वेलची घातलेला दुधाचा नसतो. पण सुन्न झालेल्या बोटांनी गरम भांडं धरलं की तक्रार सुचणार नाही.

मुक्कामासाठी साध्या खोल्या आणि एकत्र झोपायच्या खोल्या आहेत. त्याचे पैसे द्यावे लागतात आणि जागा आधी सांगून ठेवावी लागते. जेवण सगळ्यांचं एकत्र, ठरलेल्या वेळी, लांब टेबलांवर. सूप, पाव, एखादा गरम पदार्थ, असं साधं पोटभर. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा. कडक शाकाहारी मंडळींनी हेही लक्षात ठेवा की तिथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. बॅगेत खाकरा, चिवडा, गुळपापडीच्या वड्या असू द्या. टेबलावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलायलाही त्यांचा उपयोग होतो.

प्रार्थनेच्या वेळा असतात, यायचं तर या, सक्ती नाही. जाड दगडी भिंतींमुळे रात्री वाऱ्याचा आवाज लांबून आल्यासारखा येतो. मुलांना इंटरनेटशिवाय कंटाळा येईल असं वाटत असेल तर पत्त्यांचा कॅट घेऊन जा. दिवसभर चढल्यावर नऊ वाजताच डोळे मिटतात, हे वेगळं.

याच घरात मे १८०० मध्ये नेपोलियन येऊन गेला. सुमारे चाळीस हजारांचं सैन्य त्यानं या खिंडीतून इटलीत उतरवलं. तोफा सुट्या करून पोकळ ओंडक्यांत घातल्या आणि बर्फावरून ओढत नेल्या. दाविदच्या प्रसिद्ध चित्रात नेपोलियन उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर दिसतो. प्रत्यक्षात तो खेचरावरून गेला, जे कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं. त्या मोहिमेत मारेंगोच्या लढाईत पडलेल्या जनरल देसे याचं स्मारक-थडगं आजही इथल्या चर्चमध्ये आहे. धर्मगुरूंनी त्या सैनिकांनाही खाऊपिऊ घातलं, कारण बर्फातून आलेल्याला आत घ्यायचं एवढाच इथला नियम.

मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे डिकन्सचं नाव न घेता राहवत नाही. १८४६ मध्ये तो इथे राहिला आणि पुढे ‘लिटिल डॉरिट’ या कादंबरीचा दुसरा भाग त्यानं याच घरातून सुरू केला. त्याला सर्वात अस्वस्थ केलं ते इथल्या शवगृहानं. या उंचीवर जमीन खडकाळ आणि गोठलेली, दफन करणं अवघड. म्हणून बर्फात सापडलेले मृतदेह एका वेगळ्या इमारतीत ठेवले जात. थंडीमुळे ते वर्षानुवर्षं टिकत, कधीतरी कुणी नातेवाईक येऊन ओळखेल या आशेनं. डिकन्सच्या कादंबरीत तिथे बाळाला छातीशी धरलेली एक आई आहे. शवगृह पुढे भिंत घालून बंद करण्यात आलं.

गरम चहा आणि ते शवगृह, दोन्ही एकाच घराचे भाग आहेत. एक लक्षात घेतल्याशिवाय दुसऱ्याची किंमत कळत नाही, असं मला वाटतं.

आणखी एक धागा आपल्या हिमालयाच्या बाजूला येतो. १९३० च्या दशकात इथले काही धर्मगुरू चीनमधल्या युन्नान प्रांतात, तिबेटच्या सीमेवर गेले. उंच खिंडीत वाटसरूंसाठी घर कसं चालवायचं हे त्यांना माहीत होतं आणि तिथेही लात्सा खिंडीत त्यांनी तशी धर्मशाळा बांधायला घेतली. ती पूर्ण झाली नाही. त्यांच्यातले मॉरिस तोर्ने १९४९ मध्ये त्याच प्रदेशात मारले गेले.

आणि कुत्रे?

हिवाळ्यात कुत्रे वर नसतात. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर चार तास चढून आल्यावर रडारड होईल.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे हे मोठे कुत्रे पाळले जात. सुरुवातीला राखणीसाठी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका नोंदीनुसार स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई फिरवणाऱ्या चाकातही कुत्र्याला पळवत. मग लक्षात आलं की धुक्यात, वादळात त्यांना वाट सापडते आणि बर्फाखालचा माणूसही. त्यातला सर्वात प्रसिद्ध बॅरी, १८०० ते १८१४. त्यानं चाळीसहून अधिक जीव वाचवले असं मानलं जातं. एकेचाळिसाव्या माणसानं लांडगा समजून त्याला मारलं, ही गोष्ट मात्र खोटी. म्हातारपणी त्याला बर्न शहरात नेलं, तिथे तो शांतपणे गेला. पेंढा भरून जतन केलेला बॅरी आजही तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पाहता येतो.

गळ्यातलं ब्रँडीचं पिंप? त्याचं श्रेय लँडसीर या इंग्रज चित्रकाराला जातं. १८२० मधल्या त्याच्या चित्रात कुत्र्याच्या गळ्यात ते दिसलं आणि जगानं ते खरं मानलं. गोठलेल्या माणसाला दारू देणं मुळात घातकच, कारण त्यानं शरीराची उष्णता आणखी लवकर बाहेर पडते. तेव्हा पिंपासोबत फोटो काढा, पण उपाय म्हणून ते लक्षात ठेवू नका.

बचावाचं काम आता हेलिकॉप्टर आणि हलक्या, चपळ जातीचे प्रशिक्षित कुत्रे करतात. सेंट बर्नार्ड हल्ली फारच जड झाले आहेत. २००५ पासून त्यांचा सांभाळ धर्मगुरूंऐवजी बॅरीच्याच नावाची एक संस्था करते. कुत्रे उन्हाळ्यात खिंडीत असतात आणि थंडी मार्टिनीत काढतात.

त्यामुळे परतीचा बेत असा ठेवा. सकाळी उन्हानं उतार तापायच्या आत निघा, आदल्या दिवशीच्या पाऊलखुणांवर विसंबू नका, त्या रात्रीच्या वाऱ्यानं पुसलेल्या असतील. घळ एकेक करून, अंतर ठेवून पार करा. वळणानंतर पुन्हा ट्रकांचा आवाज येईल. मग दुपारपर्यंत मार्टिनी गाठा आणि पोरांना कुत्र्यांकडे न्या. बॅरीच्या स्मरणार्थ त्यांच्यातल्या एकाचं नाव नेहमी बॅरीच ठेवतात. कोणता ते तिथल्या माणसांना विचारा.